वाळवंटातला सापळा आणि ९६ तास

सापळा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो उंदराचा पिंजरा. आत भज्याचा तुकडा आणि मध्यरात्री कधीतरी होणारा 'खट्ट' असा आवाज. हॉस्टेलवाल्यांना तर याची वेगळी ओळख करून द्यायला नको! पण याच 'खट्ट'च्या जोरावर अमेरिकेच्या नेवाडा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको अशा राज्यांच्या वाळवंटी भागात कित्येक लोकांचा हिवाळ्यातला धंदा वर्षानुवर्षं चालत आलाय. तिथल्या सापळ्यात सापडतात ते बॉबकॅट आणि फॉक्स, आणि विकली जाते ती त्यांची केसाळ कातडी, म्हणजे फर.

हे योग्य की अयोग्य, हा वाद आहेच. त्याकडे आपण येऊच. पण मित्रांनो, आपण पडलो इंजिनिअर (निदान होऊ घातलेले!), तेव्हा आधी यंत्र बघू.

सापडणारे कोण?

बॉबकॅट म्हणजे लिंक्सच्या कुळातलं रानमांजर. वजन साधारण ६ ते १४ किलो, शेपूट तोडल्यासारखी आखूड. पश्चिमेकडच्या कोरड्या प्रदेशातल्या बॉबकॅटचं पोट पांढरंशुभ्र आणि त्यावर काळे ठिपके असतात. फरच्या बाजारात सगळी किंमत या पोटालाच. तेजीच्या वर्षांत अशा एका चांगल्या कातड्याला कित्येक शे डॉलर मिळालेत.

दुसरा फॉक्स. मराठीत आपण जॅकल आणि फॉक्स या दोघांनाही 'कोल्हा' म्हणून मोकळे होतो, पण फॉक्सला आपल्याकडे खरा शब्द आहे 'खोकड'. अमेरिकी वाळवंटात मोठ्या कानांचा, जेमतेम दोन किलोचा किट फॉक्स असतो, आणि त्याच्यापेक्षा थोराड असा ग्रे फॉक्स. फर दाट होते ती थंडीत, म्हणून सापळ्यांचा सीझन हिवाळ्याचा.

यंत्र कसं चालतं?

सगळ्यात जुना आणि गाजलेला प्रकार म्हणजे पाय धरणारा पोलादी सापळा. न्यूयॉर्क राज्यातल्या सीवेल न्यूहाउस नावाच्या कारागिराने १८२० च्या दशकात असे सापळे हाताने घडवायला सुरुवात केली. पुढे तो ओनायडा नावाच्या एका पंथाच्या वसाहतीत सामील झाला आणि तिथे हे सापळे यंत्रांवर घाऊक बनू लागले. हीच ओनायडा पुढे काटे-चमच्यांसाठी प्रसिद्ध झाली!

रचना अगदी सोपी. दोन अर्धगोल जबडे, त्यांना मिटवणाऱ्या दोन कॉइल स्प्रिंगा, मधोमध एक छोटी तबकडी (हिला 'पॅन' म्हणतात) आणि एक खिट्टी. स्प्रिंगा दाबून जबडे उघडायचे, एका जबड्यावरून खिट्टी आडवी आणायची आणि तिचं टोक पॅनच्या खाचेत अडकवायचं. पॅनवर पाय पडला की खाच खाली सरकते, खिट्टी सुटते आणि स्प्रिंगांत साठलेली सगळी एनर्जी जबडे मिटवण्यात खर्च होते. डोळ्याची पापणी लवायच्या आत काम तमाम.

आता पॅनवर किती भार पडला की खिट्टी सुटावी? हे ठरवतो पॅनचा स्क्रू. ढिला ठेवला तर कांगारू उंदीर धावत गेला तरी सापळा मिटणार, मग रात्रभर तो रिकामाच. घट्ट केला तर हलके प्राणी त्यावरून सुखरूप निघून जातात. कोयोटीसाठी, म्हणजे तिथल्या कोल्ह्यासाठी, मांडलेल्या सापळ्यात किट फॉक्स अडकू नये म्हणून याचाच वापर करतात. एका स्क्रूवर कोण अडकणार आणि कोण सुटणार हे बऱ्याच अंशी ठरतं.

नाक आणि डोळे

मशीन कितीही भारी असलं तरी प्राण्याने चौरस किलोमीटरच्या माळरानात नेमक्या त्या तळहाताएवढ्या जागेवर पाय ठेवायला हवा. इथे खरा अनुभव लागतो.

खोकड नाकाने जग बघतं. त्याच्यासाठी जमिनीत तिरपं भोक पाडतात, जणू दुसऱ्या कुणीतरी तिथे खाऊ पुरून ठेवलाय. आत आमिष आणि वासाचं द्रव्य, आणि भोकासमोर वीतभर अंतरावर चाळलेल्या मातीखाली सापळा. तो डुगडुगता कामा नये. पायाखाली काही हललं की खोकड माघारी फिरतं. म्हणून खालची माती ठोकून ठोकून बेडिंग पक्कं करतात (फाउंडेशन इंजिनिअरिंगवाल्यांनी नोंद घ्यावी!). वाळवंटात आणखी एक कटकट म्हणजे बारीक वाळू पॅनखाली शिरते आणि पॅन खाली जातच नाही. त्यासाठी पॅनवर जाळीचं किंवा मेणकागदाचं झाकण घालतात.

बॉबकॅटचं उलट. मांजरच ते! वासापेक्षा डोळ्यांवर आणि कानांवर त्याचा भरवसा. म्हणून दोरीला टांगलेलं, वाऱ्यावर हलणारं पीस किंवा काहीतरी चमकणारं लावतात. बॉबकॅट खडकाळ कड्यांच्या पायथ्याने आणि कोरड्या ओढ्यांच्या पात्रातून जातं. टोकदार खड्यावर पाय द्यायला त्याला आवडत नाही, म्हणून खडे आणि काटक्या अशा मांडतात की पाय ठेवायला मऊ जागा एकच उरावी. ती कुठली, हे सांगायला नको.

शिवाय बॉबकॅट जाळीच्या पिंजऱ्यातही बिनधास्त शिरतं. कोयोटी सहसा असल्या पिंजऱ्याकडे फिरकतही नाही. बॉबकॅटच्या या स्वभावामुळे पुढे कायद्यांचा इतिहास बदलला.

जखम कमी करायचं डिझाइन

जुन्या सापळ्यांच्या काही जबड्यांना दातेसुद्धा असत. नंतर लोकांनी विचार सुरू केला की प्राणी धरला जावा, पण पाय मोडू नये. उत्तरं आपल्या सेकंड इयरच्या पुस्तकातलीच आहेत.

प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया. तेव्हा जबड्याची कड रुंद करा, प्रेशर उतरेल. जबडे मिटले तरी त्यांच्यात काही मिलिमीटर फट राहू द्या, म्हणजे रक्तप्रवाह पूर्ण तुटणार नाही. कडेला रबर लावा. अडकलेला प्राणी गोल गोल फिरतो, त्याने पाय पिरगळतो. मग साखळीत दोन-तीन ठिकाणी स्विव्हल बसवा. प्राणी झटका देतो, तर साखळीत शॉक स्प्रिंग घाला. साखळी सापळ्याच्या मध्यातून काढा, म्हणजे ओढ सरळ रेषेत बसेल.

पण 'चांगला सापळा' कुणाला म्हणायचं? १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयएसओने हे स्टँडर्ड ठरवायला घेतलं. किती जखम 'चालेल' यावर एकमत होईना. शेवटी १९९९ मध्ये जे स्टँडर्ड निघालं, त्यात फक्त टेस्ट कशी घ्यायची ते आहे, पासिंग मार्क्स नाहीत! विचार करा, परीक्षेची पद्धत ठरली, पण पास कोण ते ठरलं नाही.

दरम्यान युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये कायदा करून पाय धरणारे सापळे आपल्याकडे बंद करायचं ठरवलं आणि असे सापळे वापरणाऱ्या देशांची फर अडवण्याची तरतूद केली. १९९७ मध्ये अमेरिका आणि युरोपात समझोता झाला आणि अमेरिकेत सापळ्यांच्या मोठ्या प्रमाणावर चाचण्या सुरू झाल्या. जखमांना गुण देऊन कुठला सापळा कुठल्या प्राण्याला योग्य, याच्या याद्या तयार झाल्या.

सगळ्यात महत्त्वाचं पॅरामीटर

इथे गंमत आहे, किंवा गंमत म्हणवत नाही अशी गोष्ट आहे. या चाचण्यांमध्ये सापळे रोजच्या रोज तपासले जात. म्हणजे जखमेचा जो स्कोअर आला, तो प्राणी साधारण एक दिवस अडकलेला असताना आला. आणि नेवाडाच्या कायद्याने सापळेवाल्याला मुभा दिली ती ९६ तासांतून एकदा फेरी मारण्याची. चार दिवस!

वाळवंटात चार दिवस म्हणजे काय? आडोसा नाही, पाणी नाही. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या खाली. अडकलेला प्राणी धडपडत राहतो, आणि रुंद जबडे, रबर, स्विव्हल या सगळ्यांनी जे कमावलं ते दर तासाला थोडं थोडं गमावलं जातं. चुकून दुसराच प्राणी अडकला असेल तर त्याला जिवंत सोडून देण्याची शक्यताही तशीच घटत जाते.

सापळेवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. नेवाडा अवाढव्य आहे, बहुतेक जमीन सरकारी आणि ओसाड. एकेकाची सापळ्यांची लाइन कच्च्या रस्त्याने खूप लांबवर पसरलेली असते. रोज फेरी म्हणजे पेट्रोल, वेळ आणि कमी सापळे. त्यांच्या दृष्टीने रोजची सक्ती म्हणजे धंदा बंद. म्हणजे हा आकडा काही प्राण्याच्या सहनशक्तीवरून आलेला नाही, तो अंतर आणि खर्चावरून आलाय. शेजारच्या ॲरिझोनात मात्र रोज तपासणीची सक्ती आहे. वाळवंट सारखंच, बॉबकॅट तेच, पण राज्याची सीमा ओलांडली की प्राण्याच्या वाट्याला येणारे तास बदलतात.

कायद्याची वाटचाल

ॲरिझोनाच्या मतदारांनी १९९४ मध्ये सरकारी जमिनीवर पाय धरणाऱ्या सापळ्यांना बंदी घातली. कॅलिफोर्नियात १९९८ च्या मतदानाने फरच्या धंद्यासाठी असे सापळे बंद झाले. पण पिंजरे चालू राहिले आणि बॉबकॅट तर पिंजऱ्यात येतंच! २०१३ मध्ये जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत सापळे सापडल्यावर ओरड झाली. त्याच वर्षी बॉबकॅट संरक्षणाचा कायदा आला, २०१५ मध्ये राज्याच्या आयोगाने ३ विरुद्ध २ मतांनी राज्यभर बॉबकॅटचे सापळे बंद केले, आणि २०१९ मध्ये फरसाठी सापळे लावणंच संपलं. न्यू मेक्सिकोत फासात अडकून मेलेल्या रॉक्सी नावाच्या कुत्रीच्या नावाने २०२१ मध्ये कायदा झाला आणि सरकारी जमिनीवरचे सापळे बंद झाले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दातच सापळा लावणंही येतं, त्यामुळे फरचा असा सीझन इथे नाही. तरी वाघासाठी चोरून लावलेले पोलादी जबडे मध्य भारताच्या जंगलांत सापडलेले आहेत.

आणि हो, पिंजरा हा नेहमीच वैरी नसतो. कॅलिफोर्नियातल्या सान होआकिन खोऱ्याचा किट फॉक्स १९६७ पासून धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही जाळीचा पिंजराच लावतात. खोकड पकडतात, रेडिओ कॉलर घालतात आणि सोडून देतात. यंत्र तेच: दार, पट्टी आणि खटका. फरक एवढाच की पिंजरा लावणारा सकाळी हमखास तिथे हजर असतो.

आपण डिझाइन शिकतो तेव्हा मटेरियल, स्ट्रेस, फॅक्टर ऑफ सेफ्टी यांची गणितं करतो, आणि मेंटेनन्सचा चॅप्टर 'ऑप्शनला' टाकतो. वाळवंटातला हा सापळा सांगतो की रुंद जबडा, रबर आणि स्विव्हल यांचा हिशेब धरूनही एक आकडा बाहेर राहतो: माणूस परत किती तासांनी येणार? तो आकडा स्प्रिंगवर कोरलेला नसतो. तो कुणीतरी कागदावर ठरवतो आणि दुसरंच कुणीतरी भोगतं. उद्या आपण पंप, लिफ्ट किंवा बॉयलर बनवू तेव्हा तपासणीच्या रकान्यात कितीचा आकडा लिहायचा, हे ठरवताना कुणाच्या सोयीचा विचार केला, एवढं एकदा स्वतःला विचारलं तरी पुरे.