तीन तासांचे कीर्तन आणि एक तबकडी

माझे आजोबा नारदीय कीर्तन करीत. २००६ साली गावच्या रामनवमीच्या उत्सवात त्यांचे कीर्तन झाले, ते कोणीतरी हौसेने मिनी डीव्ही कॅसेटींवर चित्रित केले. पुढे आजोबा गेले आणि तासातासाच्या त्या तीन कॅसेटी कपाटात पडून राहिल्या. गेल्या वर्षी आत्याचा निरोप आला, "अण्णांचं कीर्तन मला घरी बसून बघता येईल असं काहीतरी कर रे." आत्याच्या घरी इंटरनेट नाही, आहे तो जुना डीव्हीडी प्लेअर. कलाशाखेच्या विद्यार्थ्यावर गणित करण्याची वेळ कशी आली, त्याची ही हकीकत.

कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि पहिला धक्का बसला. तासाला सुमारे १३ जीबी, म्हणजे तिन्ही मिळून ३९ जीबी! कोऱ्या तबकडीची क्षमता मात्र ४.७ जीबी. त्यातही मौज अशी की, तबकडीवाला हजाराच्या पटीत मोजतो आणि संगणक १०२४ च्या. म्हणून तीच तबकडी संगणकावर ४.३८ जीबीचीच दिसते. पायलीभर धान्य शेराच्या मापात कसे बसवायचे?

उत्तर आहे संक्षेपात. डीव्हीडी प्लेअरला एमपेग-२ नावाची पद्धत समजते. या पद्धतीत प्रत्येक चित्र संपूर्ण लिहीत नाहीत. अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहायचे आणि पुढच्या चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवायचे. मागचा खांब, समई, पेटीवाले जागचे हलत नाहीत. त्यांना फारशी जागा लागत नाही. कीर्तनकार नाचू लागला की मात्र नोंदी वाढतात.

आता हिशेब पाहा. ४७० कोटी बाइट म्हणजे ३,७६० कोटी बिट. तीन तासांचे सेकंद १०,८००. भागाकार केला की दर सेकंदाला सुमारे ३५ लाख बिट वाट्याला येतात. त्यातले दोनेक लाख आवाजाचे, उरलेले चित्राचे. डीव्हीडीवरील चित्राला सेकंदाला ९८ लाख बिटांपर्यंत मुभा असते. म्हणजे माझ्या पदरात जेमतेम तिसरा हिस्सा पडला. तरी एकाच तबकडीचा हट्ट मी सोडला नाही. रात्रभर संगणक चालवून तबकडी तयार केली आणि मोठ्या ऐटीत आत्याकडे नेली.

निरूपण ठीक दिसले. पण आख्यानात आजोबा चिपळ्या वाजवीत गिरकी घेऊ लागले, तशी त्यांच्या चेहऱ्याची चौकोनी ठिगळे झाली. आत्या पुढे सरकून म्हणाली, "अरे, अण्णांचं तोंड कुठे गेलं?" मी निरुत्तर झालो. तबकडीत सारे मावले होते, फक्त आजोबा मावले नव्हते.

परत आल्यावर उलगडा झाला की, तोड कीर्तनातच होती. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. मधल्या विसाव्यात कीर्तनकाराला हार घालतात. तेथेच मी कीर्तन तोडले आणि दोन तबकड्या केल्या. प्रत्येकी दीड तास, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७० लाख बिट. शिवाय संगणकाला चित्रण दोनदा वाचायला लावले. पहिल्या वाचनात हालचाल कोठे जास्त आहे ते तो टिपतो, दुसऱ्यात त्या बेताने जागा वाटतो. शांत निरूपणातले वाचवतो आणि गिरकीवर खर्च करतो. हुशार विद्यार्थी परीक्षेत वेळ वाटतो, तसेच हे.

आणखी एक धडा मिळाला. लेखनयंत्राची लेसर किरणे तबकडीतल्या रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतात. उन्हाने आणि वर्षांनी हा थर बिघडू शकतो. म्हणून तबकड्या उन्हापासून दूर ठेवाव्यात. आणि संक्षेप झाला म्हणून मूळ टाकून देऊ नये, कारण गाळलेले पुन्हा भरून काढता येत नाही. ते ३९ जीबी मी दोन निरनिराळ्या हार्डडिस्कवर जपून ठेवले आहेत.

आपण वर्गात उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहितो, तेव्हा काय ठेवावे एवढाच विचार करतो. काय गमावतो आहोत, हे मला आत्याच्या त्या प्रश्नाने शिकवले.

दुसऱ्या खेपेस तिने दोन्ही तबकड्या सलग पाहिल्या. गिरकी आली तेव्हा ती काहीच बोलली नाही. फक्त पदर डोळ्यांना लावला.