एका प्रतीमागे त्र्याऐंशी हजार माणसं

मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारणपणे हजार प्रतींची. हल्ली बरेच प्रकाशक पाचशेवरच थांबतात. २०११च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. भागाकार केला, तर हजारांच्या आवृत्तीतली एक प्रत ८३ हजार माणसांच्या वाट्याला येते. अख्ख्या तालुक्याच्या शहरात मिळून एकच प्रत! ती कोणाच्या हाती पडली, पूर्ण वाचली गेली की नाही, हे प्रकाशकाला कळायची सोय नाही. गठ्ठा विक्रेत्याकडे रवाना झाला की त्याचा माग संपतो.

आता जगातला दुसरा हिशेब बघा. ओव्हरड्राइव्ह ही अमेरिकी कंपनी ९० हजारांहून अधिक ग्रंथालयांना आणि शाळांना ई-पुस्तकं, ऑडिओबुकं आणि मासिकं पुरवते. वाचक तिचं ‘लिबी’ हे ॲप उघडतो, आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्डाचा क्रमांक टाकतो आणि पुस्तक फोनवर येतं. मुदत संपली की ते आपोआप परत जातं, त्यामुळे उशिराचा दंडही नाही. २०२०मध्ये अशी देवघेव ४३ कोटी वेळा झाली, २०२४मध्ये ७३ कोटी ९० लाख वेळा. म्हणजे दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही, दर सेकंदाला २३. हा परिच्छेद वाचायला तुम्हाला अर्धं मिनिट लागलं असेल, तर तेवढ्यात जवळपास सातशे पुस्तकं कोणी ना कोणी घरी नेली. एकेक पुस्तक दोन सेंटिमीटर जाडीचं धरून वर्षभराची ही देवघेव कपाटात मांडतात तशी उभी लावत गेलं, तर रांग सुमारे १४,८०० किलोमीटरची होईल. मुंबईहून न्यूयॉर्क गाठून ती पुढेही चालत राहील.

पण या अवाढव्य आकड्यांपेक्षा मला एक लहानसा आकडा जास्त चक्रावून टाकतो. तो आहे २६.

२०११मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेनं ग्रंथालयांना कळवलं, की आमचं ई-पुस्तक २६ वेळा दिलंत की संपलं, पुढे हवं तर पुन्हा विकत घ्या. छापील पुस्तक हाताळून झिजतं, बांधणी सुटते, ते बदलावंच लागतं, हा त्यामागचा युक्तिवाद. फाइलचं पान कधी दुमडत नाही, तरी तिला आयुष्य ठरवून दिलं गेलं. दुसरी अट तर सर्रास रुळलेली आहे: एका वेळी एका प्रतीला एकच वाचक. शंभर जण एका प्रतीच्या रांगेत असतील आणि प्रत्येकाला दोन आठवडे मिळाले, तर शेवटच्याचा नंबर यायला पावणेचार वर्षांहून अधिक काळ लागेल. ती फाइल मात्र शंभर जणांना एका क्षणात पाठवता आली असती.

२०१९च्या नोव्हेंबरात मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेनं आणखी पुढचं पाऊल टाकलं. नवं पुस्तक आलं की पहिले आठ आठवडे प्रत्येक ग्रंथालय-यंत्रणेला ई-पुस्तकाची एकच प्रत मिळणार. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी मॅनहॅटन, ब्राँक्स आणि स्टेटन आयलंड या तीन भागांतल्या तीस लाखांहून अधिक लोकांची. दोन आठवड्यांच्या मुदतीनं तिथं आठ आठवड्यांत किती वाचक होतील? चार. अनेक ग्रंथालयांनी मॅकमिलनची ई-पुस्तकं घेणंच थांबवलं. मार्च २०२०मध्ये, कोविडनं वाचनालयांची दारं बंद होत असताना, ही अट मागे घेतली गेली.

प्रकाशकाची बाजू खोटी नाही. लेखकाचं मानधन, संपादन, मुद्रितशोधन, सगळं विक्रीवरच चालतं, आणि अमर्याद फुकट प्रत निघाली तर पुढचं पुस्तक कशावर काढायचं? पण या रांगेचा फायदा त्यालाही आहे. पुस्तक यायच्या आधीच किती जणांनी नाव नोंदवलं ते ग्रंथपालाला दिसतं. अमेरिकेतली कित्येक ग्रंथालयं नोंदणीच्या ठरावीक संख्येमागे एक प्रत वाढवतात. मागणीचा इतका नेमका अंदाज छापील पुस्तकाच्या काळात प्रकाशकाला सहसा मिळत नसे.

जगात वेगवेगळी पुस्तकं एकूण किती, याचा अंदाज गूगलनं २०१०मध्ये मांडला होता: १२ कोटी ९८ लाख ६४ हजार ८८०. रोज एक वाचलं तरी साडेतीन लाख वर्षं लागतील. २०१९पर्यंत त्यांपैकी ४ कोटींहून अधिक गूगलनं स्कॅन केली होती, आणि त्यातली बहुतेक स्वामित्वहक्कामुळे पूर्ण उघडत नाहीत. पुस्तक वाचकापर्यंत पोहोचवणारं तंत्र केव्हाच तयार झालं, अडतं ते करारावर.

म्हणूनच आपला हिशेब मला अस्वस्थ करतो. १९६७च्या ग्रंथालय कायद्याच्या छायेत महाराष्ट्रात अकरा हजारांहून अधिक शासनमान्य ग्रंथालयं वाढली, त्यातली बरीच खेड्यांतली, तुटपुंज्या अनुदानावर दिवा लावून बसलेली. प्रत्येकानं एका पुस्तकाची एकच प्रत घ्यायची म्हटली, तरी हजारांच्या अकरा आवृत्त्या संपतील. प्रत्यक्षात पहिली आवृत्ती संपली की पुस्तक अनेकदा वर्षानुवर्षं मिळत नाही, आणि गडचिरोलीतला वाचक पुण्याच्या कपाटातल्या प्रतीपर्यंत पोहोचू शकत नाही. या ग्रंथालयांचं एकच सामायिक डिजिटल कपाट असावं, गावच्या कार्डावर ते उघडावं, आणि प्रत्येक वाचनामागे लेखक-प्रकाशकाला ठरलेली रक्कम मिळावी. अटी आपल्याला अजून आपल्या मनासारख्या लिहिता येतील. २६चा आकडा उचलून आणायची गरज नाही.

प्रकाशकांनी सुरुवात पुनर्मुद्रण न होणाऱ्या जुन्या पुस्तकांपासून करावी. त्यात त्यांची विक्री बुडत नाही, कारण ती पुस्तकं विक्रीलाच नाहीत. आणि वाचकहो, पुढच्या वेळी वाचनालयात जाल तेव्हा मागणी-नोंदवहीत न मिळणाऱ्या पुस्तकाचं नाव लिहा, त्याशेजारी ‘ई-प्रत चालेल’ असंही लिहा.