दहा अक्षरं गेटबाहेर पडतात

घाटकोपर-मुलुंडकडच्या एखाद्या सोसायटीच्या गेटवर नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा असेल, तर त्याचं रात्रीचं चित्र एकदा बघाच. आधी वाटतं, बिघडलाय. रस्ता नाही, वॉचमनची केबिन नाही, गाडीसुद्धा नाही. काळ्याकुट्ट पडद्यावर नुसती एक पाटी तरंगत पुढे येते.

हा अंधार मुद्दाम केलेला असतो. कॅमेऱ्यातले दिवे अवरक्त प्रकाश टाकतात, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवेल असा. पाटीवरचा परावर्तक थर तो प्रकाश आल्या वाटेने परत धाडतो. बाकीच्या वस्तू तो इकडेतिकडे विखरून टाकतात. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडतं. तेवढ्यात ताशी १० किलोमीटर वेगाने आत शिरणारी गाडी तीन मिलिमीटरही सरकत नाही आणि मोटारीच्या नंबरातली रेघ तर नियमाने १० मिलिमीटर जाड. अक्षर फिसकटायला वावच उरत नाही.

मग वाचन. इथे यंत्राच्या मदतीला आरटीओ येतं. ‘एमएच’नंतर दोन आकडेच येणार, हे ठरलेलं: अंधेरीचे ०२, वडाळ्याचे ०३ (मुलुंड-घाटकोपरच्या गाड्या यातच), बोरिवलीचे ४७. त्यामुळे त्या जागी ‘ओ’सारखं काही दिसलं, तर ते शून्यच. हे गणित २०२१मध्ये आलेल्या ‘बीएच’ मालिकेने उलटंपालटं केलं, कारण तिथे आधी वर्षाचे आकडे आणि मग अक्षरं. जुन्या सॉफ्टवेअरला ते शिकवावं लागतं. ४१४१ वळवून ‘दादा’ लिहिणाऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. ती पाटी नियमबाह्य आहेच, आणि यंत्राला तिथे कुणीही दादा दिसत नाही.

मला खरं नवल वाटतं ते यापुढच्या टप्प्याचं. चांगल्या चित्रासाठी सेकंदाला ४ मेगाबिट लागतात असं धरलं, तर दिवसाला सुमारे ४३ गिगाबाइट होतात. कॅमेरा त्यातलं जवळपास सगळं बाजूला टाकतो आणि एका गाडीमागे एवढंच उरवतो: दहा अक्षरांचा नंबर, वेळ, आत की बाहेर, आणि वाचनाबद्दल स्वतःला किती खात्री आहे तो आकडा. मजकूर काहीशे बाइटांचा. हवा तर सोबत एक फोटो.

ही ओळ बाहेर पाठवायची म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट आणि मार्ग भरायचा. बस. त्यानंतर गाडी आली की कॅमेरा स्वतःहून त्या पत्त्याला हाक मारतो. यातली खुबी दिशेत आहे. सोसायटीच्या ब्रॉडबँडमध्ये बाहेरून आत शिरणं अवघड असतं आणि असायलाच हवं. आतून बाहेर जायला मात्र राउटरमध्ये वेगळं दार उघडावं लागत नाही. सर्व्हरने ‘२००’ हा आकडा उलट पाठवला की पोच मिळाली. पावसात लाइन गेली आणि पोच आलीच नाही, तर बरेच कॅमेरे नोंदी मेमरी कार्डावर धरून ठेवतात आणि लाइन आल्यावर पुन्हा पाठवतात. मात्र तो पर्याय चालू केलेला हवा. आणि घड्याळ! कॅमेरा ग्रिनिचच्या वेळेवर राहून गेला, तर सकाळी नऊला आलेली गाडी पहाटे साडेतीनला आल्याची नोंद होते. सोसायटीत तेवढ्यावरून काय काय बोललं जाईल!

शहराच्या पातळीवरही गोष्ट याच जातीची. ऑक्टोबर २०१६मध्ये मुंबई पोलिसांचं साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. त्यात नंबर वाचणारेही होते. पुढच्या जानेवारीपासून ई-चलन मोबाइलवर येऊ लागलं. योगायोग असा, की त्याच ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर हाताशी धरून इंटरनेटच्या मोठ्या भागाला वेठीला धरलं. त्याची युक्ती अगदी साधी होती: कारखान्यातून आलेला पासवर्ड मालकांनी बदललेलाच नसतो.

म्हणून पत्ता भरण्याआधी पासवर्ड बदलायचा आणि पत्ता ‘एचटीटीपीएस’चाच द्यायचा, नाहीतर ओळ वाटेत कुणालाही वाचता येते. एकेक नंबर रस्त्यावर सगळ्यांनाच दिसतो, त्यात गुपित नाही. पण सहा महिन्यांच्या नोंदी एकत्र लावल्या, की कोण रात्रपाळीला जातं, कोण गावी गेलंय, कुणाकडे डॉक्टरांची गाडी वारंवार येते, सगळं उलगडतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अशाच माहितीसाठी आहे. तेव्हा वार्षिक सभेत कॅमेऱ्याच्या किमतीवर तासभर घालवण्याऐवजी सेक्रेटरींना एवढंच विचारावं: त्या रकान्यात पत्ता कुणाच्या सर्व्हरचा आहे, आणि तिथल्या नोंदी किती दिवसांनी पुसतात?