प्राणवायूची आगगाडी

श्वास पुरेनासा झालेल्या रुग्णास प्राणवायू हेच औषध असते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या साथीत नागपुरास त्याची मोठी टंचाई भासली. तेव्हा विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात सात टँकर भरून ते आगगाडीच्या सपाट वाघिणींवर चढवण्यात आले. त्यांतील तीन २३ एप्रिलच्या रात्री नागपुरास उतरले. उरलेले नाशिककडे गेले.

वायू जागा फार व्यापतो. म्हणून तो शून्याखाली १८३ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करतात. एक लिटर द्रवापासून आठशेहून अधिक लिटर वायू मिळतो! रुग्णालयातील टाकीतून निघालेला द्रव उघड्यावरच्या नळ्यांतून जाताना हवेच्या उष्णतेने पुन्हा वायुरूप होतो. नागपूरचा उन्हाळा येथे उपयोगीच पडतो! पुढे भिंतीतील नळाने तो खाटेपाशी पोहोचतो आणि मास्कवाटे रुग्णाच्या श्वासात मिसळतो.