गोदाकाठच्या गावाचा अनुबोधपट

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील शहागड हे गाव गोदावरीच्या उत्तर तीरावर वसले आहे. धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग येथेच नदी ओलांडतो आणि पलीकडे बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका सुरू होतो. पुलावरून जाणाऱ्या प्रवाशांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असते की, जवळच दक्षिण तीरावर असलेल्या राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेचा निर्णायक पराभव केला. पानिपतास तेव्हा अवघी अडीच वर्षे झाली होती. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. निजामअली स्वतः नदी उतरून उत्तर तीरावर आला होता. परंतु गोदावरीस पूर असल्यामुळे त्याला आपल्या दिवाणाच्या मदतीस परत जाता आले नाही.

उत्तर तीर म्हणजे आजचा जालना जिल्हा आणि दक्षिण तीर म्हणजे बीड जिल्हा. एकाच घटनेच्या दोन बाजू आज दोन जिल्ह्यांत विभागल्या गेल्या आहेत. त्या एकत्र आणून दाखविण्याचे काम अनुबोधपट, म्हणजेच आज ज्यास माहितीपट म्हणतात ते साधन, उत्तम रीतीने करू शकते. महाराष्ट्रात ही परंपरा कथापटाहूनही जुनी आहे. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईतील एका कुस्तीचे चित्रण १८९९ मध्ये केले. फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१३ मध्ये आला. पूर्वी या कामास मोठे भांडवल लागे. आज शाळेतील शिक्षक, महाविद्यालयातील इतिहासाचे विद्यार्थी किंवा गावातील दोन-चार तरुण मिळून स्वतंत्रपणे असा पट तयार करू शकतात. कॅमेरा स्वस्त झाला आहे. दुर्मीळ आहेत ते कागद आणि माणसे.

आधी कागद, मग कॅमेरा

शहागडविषयी माहिती शोधणारा उत्साही कार्यकर्ता प्रथम जालना जिल्ह्याचे जुने दप्तर मागतो आणि त्याची निराशा होते. कारण जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी अंबड तालुका औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होता. १९५६ ते १९६० या काळात हा प्रदेश मुंबई राज्यात होता आणि त्याआधी हैदराबाद संस्थानात. गाव जागचे हलले नाही. दप्तरे मात्र हलली. म्हणून शहागडचा शोध औरंगाबाद जिल्ह्याच्या १९७७ च्या गॅझेटियरमध्ये आणि त्याहून जुन्या १८८४ च्या निजामकालीन गॅझेटियरमध्ये घ्यावा लागतो. नदीपलीकडील गावांसाठी १९६९ चे भीर जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे लागते.

यापुढची अडचण लिपीची. संस्थानी कारभाराची कागदपत्रे हैदराबादच्या पुराभिलेखागारात असून त्यांतील जुनी फारसीत व नंतरची उर्दूत आहेत. पेशवाईतील पत्रव्यवहार पुण्यात आणि मोडी लिपीत आहे. मोडी वाचणारा माणूस तालुक्याच्या गावी सहसा मिळत नाही. त्यावर एक सोपा उपाय आहे. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात ४५ खंडांत संपादित केले. ते देवनागरीत छापलेले असून मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. उर्दू कागदांसाठी गावातीलच एखादे वृद्ध गृहस्थ उपयोगी पडू शकतात, कारण हैदराबाद संस्थानात शिक्षण व राज्यकारभार यांची भाषा उर्दू होती. असे गृहस्थ वाचक म्हणून येतात आणि बहुधा साक्षीदार म्हणूनही उपयोगी पडतात.

निवेदनाच्या संहितेतील प्रत्येक वाक्यासमोर, समासात, त्याचा आधार लिहून ठेवण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून पाळावी. ज्या वाक्यासमोरील समास रिकामा राहील, ते वाक्य 'असे सांगतात' या शब्दांनी सुरू व्हावे किंवा गाळावे. गावाच्या नावाची व्युत्पत्ती हे याचे नेहमीचे उदाहरण होय. नावात 'शहा' आहे आणि 'गड' आहे, एवढ्यावरून एखादा बादशहा व त्याचा किल्ला उभा करण्याचा मोह फार मोठा असतो. तीच कथा एकदा पडद्यावर आली की पुढील पिढी तिलाच पुरावा मानू लागते. दंतकथा दाखवू नये असे नाही. ती दंतकथा म्हणून दाखवावी, आणि ज्याने सांगितली त्याच्याच तोंडून.

साक्षीदारांचे वय

१७६३ च्या लढाईचे कागद आणखी शंभर वर्षांनीही वाचता येतील. १९४८ च्या आठवणींचे तसे नाही. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांतील पोलीस कारवाईने हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल म्हणजे १९३८ चा जन्म. ती व्यक्ती आज नव्वदीच्या जवळ पोहोचली आहे. म्हणून नियोजनाचा साधा नियम असा की, संहिता पूर्ण होण्याची, निधी जमण्याची किंवा चांगला कॅमेरा मिळण्याची वाट न पाहता मुलाखती आधी ध्वनिमुद्रित कराव्यात. हाती साधा दूरध्वनी असला तरी चालेल. अपुऱ्या प्रकाशातील मुलाखत पटात वापरता येते. न घेतलेली मुलाखत कोणत्याही संकलकास निर्माण करता येत नाही.

या आठवणी नाजूक असतात. रझाकारांच्या काळातील भय ज्यांनी अनुभवले ती घराणी या भागात आहेत, तसेच पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत ज्यांना झळ पोहोचली ती घराणीही आहेत. या नंतरच्या दिवसांची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानाचा दौरा केला होता आणि तिचा अहवाल कित्येक दशके अप्रसिद्ध राहिला. गावाचा पट तयार करताना यांपैकी एकच बाजू ऐकली गेली, तर तो गावाचा पट राहत नाही. हयात व्यक्तींवर वा त्यांच्या वडिलांवर नावानिशी आरोप होत असेल, तर तो कागदाच्या आधाराशिवाय ठेवू नये. सांगणाऱ्यास मुलाखतीपूर्वी हेतू समजावून सांगावा, मराठीत लिहिलेले संमतिपत्र वाचून दाखवावे आणि त्याची संमती कॅमेऱ्यासमोरही नोंदवावी. कोणी नंतर एखादा भाग वगळण्यास सांगितले, तर तो वगळावा.

राजकीय घटनांइतकेच मोल रोजच्या जीवनाच्या आठवणींना आहे. पुलापूर्वी नदी कशी ओलांडत, पुराच्या दिवसांत पलीकडचे सोयरे किती दिवस अडकून पडत, १९७२ च्या दुष्काळात कोणत्या कामांवर मजुरी मिळाली, पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाल्यावर काठावरची वाळू, मासे आणि मळे यांचे काय झाले, हे प्रश्न स्त्रियांनाही विचारले पाहिजेत. 'तुम्हाला काय वाटते' असे विचारल्यास भाषण ऐकावे लागते. 'त्या दिवशी चूल पेटली होती काय' असे विचारल्यास दिवस आठवतो.

साक्षीदाराला खोलीत न बसविता शक्य तेथे त्या जागी न्यावे. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लांझमान यांचा १९८५ चा 'शोआ' हा नऊ तासांहून दीर्घ अनुबोधपट एकही जुने चित्रण न वापरता केवळ माणसे आणि जागा यांवर उभा आहे. खेड्याच्या इतिहासाची चित्रफीत जुन्या काळी कोणी काढून ठेवलेली नसते. त्यामुळे ही पद्धत गावास सोयीची आहे. उताराची जागा बोटाने दाखविणारा म्हातारा हा कोणत्याही नकाशाहून अधिक सांगून जातो.

नदीचे वेळापत्रक

चित्रीकरणाचे दिवस ठरविताना शहागडास नदीचाच सल्ला घ्यावा लागतो. १७६३ ची लढाई ऑगस्टमधील व पुरातील होती. उन्हाळ्यात काढलेले वाळूचे आणि डबक्यांचे चित्र लढाईच्या वर्णनाखाली टाकल्यास प्रेक्षकास पुराचे महत्त्व कधीच कळणार नाही. शिवाय येथील पूर आता बऱ्याच अंशी वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. ऑगस्ट २००६ मध्ये असा मोठा पूर गोदाकाठाने पाहिला. म्हणून पावसाळ्यात धरण भरत आल्याच्या बातम्यांवर लक्ष ठेवून पाण्याची दृश्ये सुरक्षित अंतरावरून टिपून ठेवावीत, मग बाकीचे चित्रीकरण झालेले असो वा नसो. कोरड्या पात्राची दृश्येही हवीतच. धरणापूर्वीची आणि नंतरची नदी हा या पटातील सर्वांत बोलका भाग ठरू शकेल.

लढाईचे नाट्यीकरण मात्र टाळलेले बरे. भाड्याचे आठ घोडे आणि शाळेच्या संमेलनातील पगड्या यांतून निजामाची फौज उभी राहत नाही. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९२२ च्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या गाजलेल्या पटात काही प्रसंग मुद्दाम घडवून आणले होते, आणि त्याबद्दलचा वाद अद्याप शमलेला नाही. चांगला नकाशा, त्यावर सरकणाऱ्या दोन रेषा आणि पुराचा आवाज एवढे पुरेसे आहे.

आवाजाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. शहागड महामार्गावर असल्याने अवजड वाहनांचा घरघराट दिवसभर चालू राहतो. मुलाखती पहाटे, रस्त्यापासून दूरच्या घरात आणि पंखा बंद करून घ्याव्यात. त्याच खोलीतील एक मिनिटभर शांतताही मुद्रित करावी. संकलनात तुकडे जोडताना ती फार उपयोगी पडते. चित्रण साठविण्याचा हिशेब आधीच मांडावा. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका तासाच्या चित्रणास ४५ गिगाबाइट जागा लागते, म्हणजे तीस तासांस १३५० गिगाबाइट. एवढे साहित्य दोन निरनिराळ्या तबकड्यांवर, दोन निरनिराळ्या घरांत ठेवणे हा काटकसर करण्याचा विषय नव्हे.

परवानग्यांची कामे कंटाळवाणी असली तरी टाळता येत नाहीत. संरक्षित स्मारक असल्यास पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते. ते केंद्राचे आहे की राज्याचे, हे आधी पाहावे. ड्रोन उडविताना २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार यंत्राची नोंदणी आणि त्या क्षेत्रातील उड्डाणाची मुभा तपासावी. घरोघरी मिळणारी जुनी छायाचित्रे वापरताना लक्षात ठेवावे की, फोटो ज्याच्या भिंतीवर आहे त्याच्याकडेच त्याचा स्वामित्वहक्क असतो असे नाही. गोंधळी, भारुडकार वा शाहीर यांचे गायन घेतल्यास त्यांना मानधन द्यावे आणि श्रेयनामावलीत त्यांचे नाव घालावे. चित्रपटगीते वापरूच नयेत.

निधी, लांबी आणि विक्री

निधीसाठी ग्रामपंचायत, सहकारी संस्था, माजी विद्यार्थी आणि बाहेरगावी स्थायिक झालेले ग्रामस्थ यांच्याकडे जाणे स्वाभाविक आहे. मात्र देणगीदाराचे नाव आरंभी कृतज्ञतापूर्वक येईल, संहितेत त्याचा शब्द चालणार नाही, असे पैसे स्वीकारतानाच लेखी ठरवावे. या एका मुद्द्यावर अनेक चांगले पट सत्कारपट होऊन बसतात. सरपंचांच्या मनोगताने सुरू होणारा आणि आमदारांच्या मनोगताने संपणारा इतिहास गावाबाहेर कोणी विकत घेत नाही.

लांबी प्रेक्षकावरून ठरवावी. शाळेचा तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो; त्यात पट दाखवून चर्चा व्हावयाची तर तो पंचवीस मिनिटांहून मोठा नसावा. त्या पंचवीस मिनिटांत निवेदकाचा आवाज दहा मिनिटांहून अधिक ऐकू येऊ नये. महोत्सवांसाठी इंग्रजी उपशीर्षकांची आणि या गावाच्या बाबतीत उर्दू निवेदनाचीही प्रत काढणे उचित ठरेल.

पहिली कामकाजी प्रत गावातील सहभागी व निमंत्रित ज्येष्ठांना दाखवावी, आणि नंतर नदीपलीकडच्या राक्षसभुवनच्या मंडळींना. चुका तेथेच निघतात. दुसऱ्या तीरावरील लोकांना पहिल्या तीरावरील कथा मान्य नसल्याचेही तेथेच कळते. दुरुस्त्या करून मगच अंतिम प्रत सिद्ध करावी. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यान्वये केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि ही अट अनुबोधपटासही लागू आहे. तिचा खर्च व कालावधी अंदाजपत्रकात धरलेला असावा.

एके काळी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट प्रत्येक चित्रपटगृहात मुख्य खेळापूर्वी सक्तीने दाखविले जात. तो काळ सरला. ती संस्थाही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. स्वतंत्र निर्मात्यास प्रेक्षक स्वतः शोधावा लागतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा पट १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारापासून पुढे चौदा वर्षे चित्रित होत राहिला आणि २०११ मध्ये पूर्ण झाला. त्याला महोत्सवांत मान मिळाला, पण वस्त्यावस्त्यांतील उघड्यावरच्या प्रदर्शनांनी तो खऱ्या अर्थाने पसरला. मुंबईत १९९० पासून भरणारा अनुबोधपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव, दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आणि प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू केलेला 'वेव्हज' मंच यांकडे पट अवश्य पाठवावा. परंतु करार करताना सर्व हक्क कायमचे देऊ नयेत. शाळा, ग्रंथालये आणि ग्रामसभा यांत दाखविण्याचा हक्क निर्मात्याकडेच राहिला पाहिजे. निर्मात्याचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो, आणि पहिल्या सहा महिन्यांतील थोड्या रकमेसाठी तो सोडून देणे शहाणपणाचे नाही.

गावच्या पटाचे खरे गिऱ्हाईक जवळच असते. जालना व बीड जिल्ह्यांतील माध्यमिक शाळा, महाविद्यालयांचे इतिहास विभाग, सार्वजनिक ग्रंथालये आणि पुण्या-मुंबईस गेलेली गोदाकाठची कुटुंबे यांची यादी चित्रीकरण चालू असतानाच तयार करावी. शाळांना प्रत विकताना सोबत चार पानी टिपण, नकाशा आणि कठीण शब्दांचे अर्थ द्यावेत. शिक्षकाला पट दाखविण्याचे खरे कारण त्यामुळे मिळते. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, १७ सप्टेंबरला, सर्वत्र मागणी एकदम येते. म्हणून प्रती ऑगस्टच्या आरंभी तयार असाव्यात.

पटात न आलेल्या मुलाखतींचे चित्रण पुसून टाकू नये. तीस तासांच्या चित्रणातून पंचवीस मिनिटे निवडली जातात. उरलेल्या भागाचे शब्दांकन करून, सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि दिनांक घालून, त्याची एक प्रत गावच्या शाळेत व एक जिल्हा ग्रंथालयात ठेवावी. ज्यांनी अटी घातल्या असतील, त्यांच्या पाकिटावर त्या अटी स्पष्ट अक्षरांत लिहिलेल्या असाव्यात.