शेवटचे वर्ष, नोकरीचा शोध आणि घरातील आजारपण : वेळेच्या नियोजनाचा एक पाठ

समजा, तुम्ही जयपूरच्या मालवीय राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत (एमएनआयटी) शेवटच्या वर्षाला आहात आणि घर सांगलीला किंवा नागपूरला आहे. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा इतर राज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे अशी मराठी मुले-मुली तेथे दरवर्षी असतात. साधारण जुलै-ऑगस्टमध्ये कंपन्या येऊ लागतात. प्रकल्प-प्रबंधाचा पहिला आढावा जवळ आलेला असतो. आणि घरून फोन येतो की आईच्या तपासणीचा अहवाल चांगला नाही.

या पाठात आपण ही तीन कामे एकत्र कशी मांडावीत ते पाहणार आहोत. ‘वेळेचे व्यवस्थापन करा’ एवढे सांगून येथे भागत नाही, कारण या तीन कामांची वेळ तीन वेगळ्या प्रकारची आहे.

सवड कोणत्या कामात आहे?

प्रकल्प-व्यवस्थापनात ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्यूपाँट कंपनीतील कामातून पुढे आली. तिचा गाभा सोपा आहे. प्रत्येक कामाला लागणारा वेळ आणि उपलब्ध वेळ यांतील फरक म्हणजे त्या कामाची सवड. ज्या कामाला सवड शून्य, ते एक दिवस हलले तरी सगळा आराखडा हलतो.

कंपनीची लेखी परीक्षा १४ तारखेला असेल तर ती १४ लाच होते, सवड शून्य. प्रबंधाचे तसे नसते. सादर करायला ११ आठवडे आहेत आणि खरे लेखन ७ आठवड्यांचे आहे, तर सवड ४ आठवडे. अडचण अशी की ही सवड दिसत नाही आणि गुपचूप संपते. मुलाखत चुकली तर त्याच दिवशी कळते. प्रबंधाचा आठवडा वाया गेला तर दोन महिन्यांनी कळते. म्हणून सवडीचा आकडा कागदावर लिहून ठेवा आणि दर रविवारी कमी करा. आकडा शून्याकडे जाताना दिसला की मार्गदर्शकांकडे जायचे, शून्य झाल्यावर नाही.

आजारालाही वेळापत्रक असते

आजारपणाचे काहीच सांगता येत नाही, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे ४ तास चालते. कर्करोगावरील अनेक केमोथेरपी २१ दिवसांच्या चक्राने देतात. आईला १ सप्टेंबरला औषध दिले तर पुढची पाळी २२ सप्टेंबरला. पहिले काही दिवस मळमळ व थकवा असतो. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका मोठा. तिसरा आठवडा बहुतेकांना त्यातल्या त्यात बरा जातो. औषधागणिक हे बदलते, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा : “पुढच्या तीन महिन्यांच्या तारखा कोणत्या, आणि कोणत्या दिवसांत घरी माणूस लागेल?”

या माहितीचा उपयोग लगेच होतो. वसतिगृहातून सर्दी घेऊन, गर्दीच्या डब्यात रात्र काढून दुसऱ्या आठवड्यात घरी धावत जाणे हे प्रेमाचे असले तरी आईच्या हिताचे नसते. पहिल्या आठवड्यात जा. तेव्हा औषधे, जेवण, दवाखान्याच्या रांगा यांसाठी माणूस खरोखर हवा असतो. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर वाट न पाहता रुग्णालयाला फोन करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.

जेथे तारखा ठरत नाहीत तेथे ‘पर्ट’ पद्धतीचा अंदाज वापरा. १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस प्रकल्पासाठी ती तयार झाली. तीन आकडे घ्यायचे : सगळे नीट झाले तर किती दिवस, बहुधा किती, आणि बिघडले तर किती. बहुधा लागणाऱ्या दिवसांना चारने गुणून तिन्हींची बेरीज करायची आणि सहाने भागायचे. वडिलांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात, लवकरात लवकर ५ दिवस, बहुधा ८, गुंतागुंत झाली तर २३. मग (५ + ३२ + २३) ÷ ६ = १० दिवस. मोठ्या आणि लहान आकड्यातील फरक भागिले सहा, म्हणजे १८ ÷ ६ = ३ दिवस, ही अनिश्चितता. घरचे ‘आठवड्यात सुटतील’ म्हणत असतात. तुम्ही १० धरा, आणि जी मुलाखत चुकवायची नाही ती १३ दिवसांच्या पलीकडे मागता येते का पाहा.

प्रबंध : वाईट दिवसाचे काम वेगळे काढा

रुग्णालयाच्या व्हरांड्यात निष्कर्षांचे प्रकरण लिहून होत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलो तर लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच अडकून राहतो. म्हणून कामांचे दोन गट करा. संदर्भसूची तपासणे, आकृत्यांना क्रमांक देणे, तक्ते नीट करणे, परिशिष्ट लावणे ही डोके जड असतानाही होणारी कामे. ती प्रवासासाठी राखा. विश्लेषण आणि चर्चा यांना सलग तीन-चार तास द्या, तेही घरचा फोन होऊन गेल्यानंतर. उठताना पुढचे पहिले वाक्य काय लिहायचे ते एका ओळीत टिपून ठेवा. आठ दिवसांनी परत आल्यावर ती ओळ फार कामी येते.

मार्गदर्शकांना तोंडी सांगणे पुरेसे नाही. छोटे पत्र द्या : “माझ्या आईवर उपचार सुरू आहेत. १ ते ६ सप्टेंबर आणि २२ ते २७ सप्टेंबर या काळात मी जयपूरमध्ये नसेन. दुसरे प्रकरण १५ सप्टेंबरला देईन. चौथ्या प्रकरणासाठी १० ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळावी. वैद्यकीय कागद सोबत जोडले आहेत.” जयपूरमध्ये हे हिंदीत किंवा इंग्रजीत जाईल, रचना हीच ठेवा. यात गयावया नाही, तारखा आहेत. आणि तारखा असलेल्या पत्रावर निर्णय घेणे विभागाला सोपे जाते. हजेरीचा प्रश्न पुढे आला तर हेच पत्र तुमच्या बाजूने उभे राहते.

थांबून परत येण्याची सोय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या पदवी आराखड्यात मध्येच बाहेर पडून तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची तरतूद आहे. मिळवलेली श्रेयांके अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये राहतात. तंत्रशिक्षण संस्थांचे नियम स्वतःचे असतात. सत्र मागे घेण्याची शेवटची तारीख त्यांच्या अध्यादेशात शोधा. ती गेल्यावर केलेल्या अर्जाला फारसा अर्थ राहत नाही.

थांबणे म्हणजे हरणे, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा काळ पाहा. जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि लगेच वडिलांच्या आजारपणामुळे त्यांना मुंबईला यावे लागले. रामजी सकपाळ २ फेब्रुवारीला गेले. पुढे १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला. परत येण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत येऊन प्रबंध पूर्ण करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे जमवले, १९२० मध्ये लंडन गाठले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या परवानगीच्या कागदाकडे लक्ष द्या : तो निघण्याआधी घेतलेला होता.

पैसा आणि माणसे

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देशातील कोणत्याही संलग्न रुग्णालयात मिळतात. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही. महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला भरती होतानाच भेटा. राजस्थान सरकारची योजना मात्र तेथील रहिवासी कुटुंबांसाठी आहे. केवळ तुम्ही जयपूरला शिकता म्हणून आई-वडील तिच्यात बसत नाहीत.

कोण घरी जाणार, हे अनेक घरांत न बोलताच ठरते, आणि बहुतेक वेळा मुलगी जाते. भावाची मुलाखत ‘महत्त्वाची’ आणि बहिणीचा प्रबंध ‘नंतर होईल’ असा हिशेब असतो. वरच्या तारखांचा कागद घरच्यांसमोर ठेवा, काका-मावशींसकट, आणि दिवस वाटून घ्या.

तिन्ही जमेनात तर काय सोडावे? माझे मत : आधी अर्जांची संख्या कमी करा. वीस कंपन्यांऐवजी पाच. प्रबंध किमान उत्तीर्ण होण्याइतका ठेवा, कारण बहुतेक नोकऱ्यांचे पत्र पदवी पूर्ण होण्याच्या अटीवरच असते. गेटसारख्या परीक्षेचे गुण तीन वर्षे चालतात. ती संधी लगेच बुडत नाही. घरात तातडीने पगार हवा असेल तर हा क्रम बदलेल. आणि आजार अखेरच्या टप्प्यात असल्याचे डॉक्टरांनी सांगितले असेल, तर हे सगळे गणित बाजूला ठेवून घरी जा. सत्र पुन्हा करता येते.

रात्री झोप लागत नसेल, कोणाशी बोलावेसे वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

पुढे मुलाखतीत “सातव्या सत्रात गुण का घसरले?” असे विचारतील. दोन वाक्ये पुरतात : “घरात गंभीर आजारपण होते आणि काळजी घेण्याची जबाबदारी माझ्यावर होती. प्रबंध मी सुधारित मुदतीत पूर्ण केला.” निदान, खर्च, घरातील हालचाल सांगण्याची गरज नाही. रुजू होण्याची तारीख पुढे हवी असेल तर पत्र स्वीकारतानाच, नेमकी तारीख लिहून, ई-मेलने मागा आणि उत्तर जपून ठेवा.