भू-केंद्राची बारनिशी

क्वालालंपूरहून बीजिंगकडे निघालेले मलेशिया एअरलाइन्सचे बोइंग ७७७ विमान, २३९ माणसांसह, ८ मार्च २०१४ च्या मध्यरात्रीनंतर नागरी रडारवरून नाहीसे झाले. लष्करी रडारने ते माघारी वळून मलाक्काच्या सामुद्रधुनीवरून वायव्येस जाताना टिपले, आणि मग तेथूनही ते सुटले. त्यापुढच्या सुमारे सहा तासांचा पुरावा उरला तो इन्मारसॅटच्या उपग्रहामार्फत पर्थच्या भू-केंद्राच्या दप्तरी. विमानातील उपग्रह-संपर्काचे यंत्र तासभर मुके राहिले की केंद्र त्याला हाक घाली, यंत्र ‘हजर’ म्हणे, आणि त्या हजेरीचा विलंब व लहरींची वारंवारता बारनिशीत चढे. विलंब नोंदविण्याचा प्रघातही एअर फ्रान्सचे विमान २००९ साली अटलांटिकमध्ये कोसळल्यानंतरचा.

विमान तळावर उभे असतानाच्या नोंदींशी रुजवात घालून या विलंबातून उपग्रहापासूनचे अंतर काढता आले. परंतु अंतर म्हणजे स्थळ नव्हे, म्हणून प्रत्येक हजेरीगणिक नकाशावर एक प्रचंड वर्तुळखंड तेवढा उमटला, ज्याचे एक टोक मध्य आशियाकडे आणि दुसरे दक्षिण हिंदी महासागरात.

या पेचाची सोडवणूक झाली ती, मला वाटते, या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण गोष्ट होय. विमानातील यंत्र उपग्रह विषुववृत्तावर अचल आहे असे गृहीत धरून, स्वतःच्या वेगामुळे पडणारा वारंवारतेतील फरक आधीच दुरुस्त करून पाठवी. प्रत्यक्षात वृद्ध झालेल्या त्या उपग्रहाची कक्षा दीड अंशाहून अधिक कललेली असल्याने तो रोज उत्तर-दक्षिण हेलकावे खात असे, आणि त्यामुळे दुरुस्तीत राहून गेलेली चूक उत्तरेच्या मार्गाला वेगळी व दक्षिणेच्या मार्गाला वेगळी येई. उपग्रह खरोखरच निश्चल असता, तर दिशेचा निवाडा या नोंदींवरून झालाच नसता! त्याच जातीच्या इतर विमानांच्या ज्ञात प्रवासांशी गणित ताडून पाहिल्यावर कौल दक्षिणेचा लागला, आणि २४ मार्चला मलेशियाच्या पंतप्रधानांनी तो जाहीर केला.

सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची अखेरची नोंद कोणाच्या हाकेला दिलेली ओ नव्हती: बहुधा इंधन संपून खंडित झालेली वीज पुन्हा मिळताच यंत्राने आपण होऊन केलेली ती जोडणीची मागणी होती, आणि आठ सेकंदांच्या अंतराने आलेल्या दोन वारंवारता विमान वेगाने खाली येत असल्याचे दाखवितात. या नोंदीच्या, म्हणजे सातव्या, वर्तुळखंडालगतचा १,२०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळ चाळूनही सांगाडा हाती न लागल्याने जानेवारी २०१७ मध्ये शोध थांबला. गणिताला बोल लावणे मात्र अन्यायाचे, कारण त्याने रेषा दिली होती, बिंदू नव्हे, आणि जुलै २०१५ मध्ये रीयुनियन बेटाच्या किनाऱ्यावर वाहत आलेला पंखाचा तुकडाही दक्षिणेच्या निवाड्याशी जुळणाराच निघाला.